कळा, पाळी आणि पान्हा : प्रजननसंस्थेची औषधं अभ्यासताना

संध्याकाळी धारवाडच्या सप्तापूर भावीच्या थांब्यावर उतरलं, की पाठीला सॅक लावलेली मुलंच मुलं दिसतात. कुणी नीटचा क्लास आटोपून खानावळीकडे निघालेला असतो, कुणी अभ्यासिकेतली खिडकीजवळची खुर्ची धरायला धावत असतो. त्यांतच काही एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाची मुलं असतात. निपाणी, खानापूर, बेळगाव, गडहिंग्लजकडची, घरी मराठी बोलणारी, सकाळी चिगरी बसनं सत्तूरला नाहीतर हुबळीच्या किम्सला जाणारी. परीक्षा जवळ आली की त्यांतली तीन-चार जणं माझ्याकडे येतात. बाकीचं फार्माकॉलॉजी त्यांनी कसंबसं मार्गी लावलेलं असतं. हे एक प्रकरण मात्र राहिलेलं असतं.

गेल्या खेपेला एका मुलीला मी विचारलं, “बाळ बाहेर आल्यावर ऑक्सिटोसिन किती देशील?” “दहा युनिट, स्नायूत,” उत्तर तयार होतं. “आणि दहाव्या आठवड्यात गर्भपात अर्धवट राहिलेली बाई आली, तर हेच का नाही देत?” ती गप्प झाली. केडीटीच्या पुस्तकात याचं उत्तर डोसच्या आधी येतं. पण पाठांतर डोसपासून सुरू झालं, की आधीचं सगळं वगळलं जातं.

तिला जे सांगितलं तेच इथं मांडते आहे. या प्रकरणातली बहुतेक औषधं म्हणजे शरीराचेच निरोप आहेत. काही औषधं निरोपाची नक्कल करतात, काही तो वाटेत अडवतात, काही तो लिहूच देत नाहीत. म्हणून कोण कुणाला कोणता निरोप धाडतं, आणि तो ऐकणारा त्या दिवशी जागा आहे की नाही, हे आधी कळायला हवं. औषधांची नावं त्यानंतर आपोआप जागेवर बसतात.

एक कोरा कागद घ्या, आडवा धरा. वर हायपोथॅलॅमस, त्याखाली पिट्युटरी, त्याखाली अंडाशय किंवा वृषण आणि सगळ्यांत खाली गर्भाशय, स्तन, हाड, प्रोस्टेट. वरून खाली बाण काढा. मग खालून वर, लाल पेनानं, फीडबॅकचे बाण काढा. पुस्तकातल्या आकृतीवर हायलायटर फिरवून हे होत नाही. हातानं काढावं लागतं, तेही दोन-तीनदा. पहिल्यांदा बहुतेकांचा लाल बाण राहून जातो, आणि अर्धं प्रकरण तर त्याच बाणावर उभं आहे.

सगळ्यांत वरचा निरोप जीएनआरएचचा. तो सतत येत नाही, तासा-दीड तासानं एकेक ठोका पडावा तसा येतो. धारवाडात वाढलेल्या मुलांना मी हे गाण्यावरून सांगते. मन्सूर अण्णांच्या आणि राजगुरूंच्या या गावात मैफल कशी असते ते त्यांना ठाऊक असतं. तबल्याचा ठेका थांबून-थांबून येतो, म्हणून कान त्याच्याकडे लागलेला असतो. तंबोरा मात्र अखंड वाजत असतो, आणि पाच मिनिटांनी तो वाजतोय हे आपल्या लक्षातही राहत नाही. पिट्युटरीचं तसंच आहे. जीएनआरएच ठेक्यात दिलं तर ती एफएसएच आणि एलएच सोडते. ल्युप्रोलाइडसारखं दीर्घकाळ टिकणारं ॲगोनिस्ट महिन्याला एकदा टोचून तोच निरोप अखंड केला, तर ती ऐकेनाशी होते, तिचे रिसेप्टर कमी होतात आणि खालचं इस्ट्रोजेन किंवा टेस्टोस्टेरॉन ओसरतं. एंडोमेट्रिओसिस, फायब्रॉइड, वेळेआधी आलेली वयात येण्याची लक्षणं, प्रोस्टेटचा कर्करोग, या सगळ्यांत ल्युप्रोलाइड कसं चालतं, हा प्रश्न मग उरतच नाही.

पण तंबोरासुद्धा पहिल्यांदा छेडला की लक्ष वेधून घेतो. सुरुवातीचा आठवडा-दोन आठवडे संप्रेरकं उलट वाढतात. प्रोस्टेटचा कर्करोग मणक्यात पसरलेल्या माणसाला ही वाढ महागात पडू शकते, म्हणून बायकॅल्युटामाइडसारखं अँटिॲन्ड्रोजेन आधी सुरू करतात. सेट्रोरेलिक्स, डिगॅरेलिक्स ही अँटागोनिस्ट रिसेप्टर सरळ अडवतात, तिथं सुरुवातीची उसळी येत नाही. ‘ॲगोनिस्ट असून दाबतं कसं?’ हा व्हायवातला लाडका प्रश्न आहे. तंबोरा आठवला तर घाबरायचं कारण नाही.

आता लाल बाणाकडे या. बीज तयार होत नाही म्हणून मूल राहत नाही, अशी बाई समोर आहे. क्लोमिफेन हायपोथॅलॅमसमधला इस्ट्रोजेनचा रिसेप्टर अडवतं. वरच्याला वाटतं, खाली इस्ट्रोजेनच नाही. तो एफएसएच वाढवतो आणि बीजकोश वाढीला लागतो. पन्नास मिलिग्रॅम, पाच दिवस, पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसापासून. पण इस्ट्रोजेनचा रिसेप्टर फक्त मेंदूत नसतो. गर्भाशयाच्या अस्तरात आणि मुखाच्या स्रावातही तो असतो, आणि क्लोमिफेन तिथंही अडवून बसतं. म्हणून कधी कधी बीज फुटतं, पण अस्तर पातळ राहतं. लेट्रोझोल दुसऱ्या वाटेनं जातं. ते अरोमाटेज रोखून इस्ट्रोजेन बनूच देत नाही. मेंदूला तीच हूल मिळते, पण अस्तरातले रिसेप्टर मोकळे राहतात आणि औषध लवकर शरीराबाहेर पडतं. पीसीओएसच्या ७५० स्त्रियांवर अमेरिकेत झालेली तुलना २०१४ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी २७.५ टक्के, तर क्लोमिफेन घेणाऱ्यांपैकी १९.१ टक्के स्त्रियांना जिवंत मूल झालं. आपल्याकडे वंध्यत्वासाठी लेट्रोझोल वापरायला २०११ मध्ये बंदी घातली गेली होती, ती २०१७ मध्ये उठली. जुनी टिपणं वापरत असाल तर त्यांत अजून ‘बंदी’ लिहिलेलं सापडेल. ते खोडा.

एकच रिसेप्टर, पण प्रत्येक अवयवात वेगळं वागणं, हेच सर्म गटाचं सूत्र आहे. वहीत तीन रकाने करा: स्तन, अस्तर, हाड. टॅमॉक्सिफेन स्तनात अडवतं, पण अस्तरात आणि हाडात इस्ट्रोजेनसारखं वागतं. म्हणून ते घेणाऱ्या बाईला पाळी गेल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला तर तो हलक्यानं घ्यायचा नाही. रॅलॉक्सिफेन हाडाला आधार देतं, स्तन आणि अस्तराच्या वाटेला जात नाही, मात्र गरम वाफा वाढवतं आणि दोघांतही रक्ताच्या गुठळीचा धोका असतोच. क्लोमिफेन धरून चौथं नाव आपल्या देशाचं आहे, ऑर्मेलॉक्सिफेन. लखनौच्या सीडीआरआयमध्ये ते तयार झालं, ‘सहेली’ या नावानं बाजारात आलं, आणि आज सरकारी दवाखान्यात ‘छाया’ म्हणून मिळतं. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा, तीस मिलिग्रॅम. त्यात संप्रेरक नाही, म्हणून अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालतं.

गर्भनिरोधकांचा विषय आला की मला र. धों. कर्वे आठवतात. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. त्यांच्या हातात यांतलं एकही संप्रेरक नव्हतं. गोळी अमेरिकेत मान्य झाली ती १९६० साली. होती ती अडथळ्याची साधनं, आणि बाईशी सरळ बोलण्याची तयारी. आज साधनं भरपूर आहेत आणि बोलणं मात्र आपण ओपीडीच्या घाईत दोन मिनिटांत उरकतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून गर्भनिरोधकांचा अभ्यास गोळ्यांच्या यादीवरून करू नका, प्रश्नांवरून करा. बाई वय सांगते, मग तुम्ही विचारायचं: बाळ किती महिन्यांचं आहे, अंगावर पाजता का? बीपी किती? डोकं दुखतं तेव्हा डोळ्यांपुढे चमकतं का? तंबाखू, सिगरेट? पायात गाठ झाली होती का? आणि एक प्रश्न हटकून विसरला जातो: टीबीची, फिटची औषधं चालू आहेत का?

यातला प्रत्येक प्रश्न एका औषधाचं दार बंद करतो. मिश्र गोळीतलं, म्हणजे ‘माला-एन’मधलं इस्ट्रोजेन रक्त गोठवणारे घटक वाढवतं आणि दूध कमी करतं. त्यामुळे पहिल्या पाच प्रश्नांत खोट निघाली की ती गोळी बाजूला ठेवायची. रिफॅम्पिसिन, फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन यकृतातली एन्झाइम वाढवून गोळीतली संप्रेरकं लवकर संपवतात. बाई रोज नेमानं गोळी घेते आणि तरी दिवस राहतात, दोष मात्र तिच्या विसरण्यावर जातो. अशा वेळी तीन महिन्यांनी एकदा घ्यायचं ‘अंतरा’, म्हणजे दीडशे मिलिग्रॅम डीएमपीए, किंवा तांबी सुचवता येते. अंतरा देताना दोन गोष्टी आधीच सांगा: पाळी अनियमित होईल, कदाचित थांबेल, आणि इंजेक्शन सोडल्यावर मूल राहायला बरेच महिने लागू शकतात. या दोन गोष्टी न सांगितल्यानं पहिल्याच इंजेक्शननंतर सोडून गेलेल्या कितीतरी बायका मी पाहिल्या आहेत. तातडीच्या गोळीचं, लेव्होनॉर्जेस्ट्रेल दीड मिलिग्रॅमचं, घड्याळ ७२ तासांचं आहे आणि जितकं लवकर तितकं बरं. ती बीज फुटणं पुढे ढकलते, रुजलेला गर्भ पाडत नाही. हे वाक्य रुग्णाला स्वच्छ मराठीत किंवा कन्नडमध्ये सांगता यायला हवं.

आता त्या मुलीला विचारलेल्या प्रश्नाकडे येऊ. प्रकरणाचा गाभा इथंच आहे.

गर्भ असताना प्रोजेस्टेरॉन पिशवीला शांत ठेवतं. ऑक्सिटोसिनचे रिसेप्टर सुरुवातीला फार थोडे असतात, दिवस भरत येतात तसे ते वाढत जातात आणि कळांच्या वेळी सगळ्यांत जास्त असतात. दहाव्या आठवड्यात तुम्ही बाटलीभर ऑक्सिटोसिन चालवलं तरी ते ऐकणारं तिथं कुणी नाही. प्रोस्टाग्लँडिनचं तसं नाही. त्याला पिशवी कोणत्याही महिन्यात दाद देते, आणि गर्भाशयाचं मुखही त्यानं मऊ होतं. म्हणून सुरुवातीच्या महिन्यांत मिसोप्रोस्टॉल आणि शेवटी ऑक्सिटोसिन. आधी मिफेप्रिस्टोन दिलं, तर प्रोजेस्टेरॉनचा रिसेप्टर अडतो, शांतता मोडते आणि पिशवी प्रोस्टाग्लँडिनला कितीतरी जास्त दाद देऊ लागते. वैद्यकीय गर्भपातात मिफेप्रिस्टोन २०० मिलिग्रॅम आणि दीड-दोन दिवसांनी मिसोप्रोस्टॉल ८०० मायक्रोग्रॅम या क्रमामागचं कारण इतकंच आहे. आपल्याकडे हे नऊ आठवड्यांपर्यंत, नोंदणीकृत आणि त्यासाठी पात्र डॉक्टरच्या देखरेखीखाली करायचं. १९७१ चा कायदा आणि त्यातली २०२१ ची दुरुस्ती दोन्ही वाचा. दुकानातून परस्पर गोळ्या घेऊन आलेली, पोटात कळ मारणारी बाई दिसली, तर आधी गर्भ नळीत नाही ना, हे पाहा. नळीतल्या गर्भाला या गोळ्या लागू पडत नाहीत आणि नळी फुटायची राहत नाही.

ऑक्सिटोसिनचं दुसरं काम समजून घ्यायला धारवाडात पुस्तकही लागत नाही. पहाटे गवळ्यांच्या वस्तीत जा. आपल्या पेढ्यामागे जिचं दूध आहे, ती धारवाडी म्हैस २०२१ साली स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेली. रेडकू कासेला लावलं, त्यानं दोन ढुशा मारल्या, की म्हैस पान्हा सोडते. सडं टम्म होतात आणि गवळी रेडकाला बाजूला घेतो. दूध रात्रभरात तयार झालेलंच असतं, ते प्रोलॅक्टिनचं काम. ते खाली उतरवणं, कासेतल्या बारीक स्नायुपेशी आवळणं, हे ऑक्सिटोसिनचं. मराठीनं या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द दिले आहेत, दूध येणं आणि पान्हा फुटणं. परीक्षेत हे दोन गोंधळले की मला नवल वाटतं, आपल्या आज्यांचा यात कधी गोंधळ झाला नाही. बाळ रडल्याचा आवाज आला आणि आईचा पदर ओला झाला, हा त्याच निरोपाचा प्रवास. बाळ गेलेल्या आईचं दूध थांबवायचं असेल, तर डोपामीनच्या वाटेनं प्रोलॅक्टिन दाबणारं कॅबरगोलिन द्यावं लागतं.

याच निरोपाचा गैरवापरही झाला. पान्ह्यासाठी म्हशींना ऑक्सिटोसिन टोचलं जातं म्हणून केंद्र सरकारनं २०१८ मध्ये त्याचं देशांतर्गत उत्पादन एकट्या सरकारी कर्नाटक अँटिबायोटिक्स या कंपनीकडे देण्याचा निर्णय घेतला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयानं तो रद्द ठरवला. बाळंतिणीला हे औषध वेळेवर मिळण्याचं मोल त्या वादात पुढे आलं, म्हणून मी तो मुलांना आवर्जून सांगते.

आणि मिळणं ही गोष्ट किती मोठी आहे, ते आपल्या शेजारच्या जिल्ह्यानं जगाला दाखवलं. बाळंतपणात जीव जायचं एक मोठं कारण म्हणजे वार पडल्यावर पिशवी सैल राहून होणारा रक्तस्राव. त्यावर ऑक्सिटोसिन उत्तम. पण ते दोन ते आठ अंशांत ठेवावं लागतं आणि टोचावं लागतं. बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यात, घरात किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या बाईजवळ फ्रीज कुठून असणार? बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर २००२ ते २००५ या काळात १६२० बायकांवर एक चाचणी केली. बाळ झाल्यावर निम्म्यांना मिसोप्रोस्टॉलची ६०० मायक्रोग्रॅमची मात्रा तोंडानं, निम्म्यांना दिसायला तशाच पण औषध नसलेल्या गोळ्या. देणाऱ्या होत्या गावच्या नर्सबाई, सहायक परिचारिका. रक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला, आणि अतितीव्र रक्तस्राव १.२ वरून ०.२ टक्क्यांवर. दर अठरा बायकांमागे एकीचा रक्तस्राव टळला. काहींना थंडी वाजली, ताप आला, तो उतरला. २००६ साली हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं या कामासाठी मिसोप्रोस्टॉल आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं. मूळचं हे पोटाच्या अल्सरचं औषध. फ्रीज लागत नाही, सुई लागत नाही, म्हणून ते खेड्यात पोचलं.

त्या चाचणीतली मला सगळ्यांत आवडणारी वस्तू औषध नव्हेच. बाळंतिणीच्या कमरेखाली सरकवायची प्लास्टिकची चादर होती ती. तिच्या टोकाला निमुळती पिशवी आणि पिशवीवर मिलिलिटरच्या खुणा. रक्त डोळ्यांनी मोजणं किती फसवं असतं, हेही त्याच कामातून पुढे आलं. नजरेचा अंदाज या पिशवीतल्या मापापेक्षा सुमारे एक तृतीयांशानं कमी निघाला. तुमच्या लेबर रूममध्ये अशी पिशवी नसेल, तर भिजलेली पॅडं आणि चादरी कोरड्या वजनाशी ताडून पाहायची सवय लावा.

रक्तस्राव सुरू झालाच, तर औषधांचा क्रम बाईकडे बघून ठरतो. ऑक्सिटोसिन आधी, सलाइनमधून. एकदम शिरेत ढकललं तर बीपी कोसळतं. ते व्हॅसोप्रेसिनचं भावंड आहे, म्हणून जास्त वेळ, जास्त पाण्यातून दिलं तर शरीरात पाणी साठून सोडियम उतरतं. मेथिलअर्गोमेट्रिन ०.२ मिलिग्रॅम स्नायूत. हे अर्गटच्या बुरशीतून आलेल्या घराण्यातलं. बाजरीच्या कणसावर चिकट मधासारखा थेंब आणि मग काळपट दाणा, तो अरगट रोग शेतकरी घरातल्या मुलांनी पाहिलेला असतो. बाजरीवरची बुरशी राईवरच्या बुरशीची भाऊबंद, तिची द्रव्यं थोडी वेगळी, पण नातं लक्षात राहायला पुरे. हे औषध पिशवीला पुन्हा सैल होऊच देत नाही, घट्ट आवळून धरतं. त्यामुळे बाळ आत असताना ते कधीच द्यायचं नाही. शिवाय रक्तवाहिन्याही आवळतं.

त्या ‘शिवाय’नं मला एकदा घाम फोडला होता. नोकरीची पहिली वर्षं, एक छोटं रुग्णालय, रात्रीचे अडीच. बाळंतिणीला अंगावरून बरंच जात होतं, मी ट्रेमधली मेथिलअर्गोमेट्रिनची ॲम्प्युल उचलली. शेजारच्या वयस्क सिस्टरांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि एवढंच म्हणाल्या, “मॅडम, बीपी.” संध्याकाळी तिचं बीपी १६०/११० होतं आणि ते मीच केसपेपरवर लिहिलं होतं. ती बाई वाचली, बाळासह घरी गेली. तो हात मला अजून जाणवतो. म्हणून माझ्या मुलांना मी औषधाशेजारी ‘कुणाला नको’ हे आधी लिहायला लावते: मेथिलअर्गोमेट्रिन, बीपी आणि हृदयरोग. कार्बोप्रोस्ट २५० मायक्रोग्रॅम, दमा, आणि ते शिरेत कधीच नाही. मिसोप्रोस्टॉलनं कळा आणायच्या असतील, तर आधी सिझर झालेली बाई नको. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड एक ग्रॅम शिरेतून, पण पहिल्या तीन तासांतच.

मात्रा लिहिताना ‘मायक्रोग्रॅम’ आणि ‘युनिट’ पूर्ण लिहा. कळा सुरू करायला मिसोप्रोस्टॉल २५ मायक्रोग्रॅम लागतं आणि बाजारात २०० ची गोळीही असते. घाईत एक अक्षर चुकलं की आठपट डोस जातो आणि पिशवी फाटू शकते.

आता उलट बाजू, वेळेआधी आलेल्या कळा थांबवणं. निफेडिपिन, ॲटोसिबान, आपल्याकडे अजून भरपूर लिहिलं जाणारं आयसॉक्सुप्रिन. इंडोमेथॅसिन ३२ आठवड्यांनंतर नको, बाळाच्या हृदयाजवळची नळी अकाली बंद होते. या औषधांकडून फार अपेक्षा ठेवू नका. त्यांनी दोन दिवस मिळवून दिले तरी काम झालं, कारण त्या दोन दिवसांत बाळाच्या फुप्फुसासाठी डेक्सामेथॅसोनचे सहा मिलिग्रॅमचे चार डोस बारा-बारा तासांनी पूर्ण होतात. इथंही औषध कुठं आणि कुणाच्या हातात, हा प्रश्न सुटत नाही. बेळगाव आणि नागपूर ज्यात होते, त्या सहा देशांतल्या चाचणीत हीच स्टेरॉइडं गावपातळीवर सरसकट वापरली गेली, आणि २०१५ मध्ये छापून आलेल्या निकालात नवजात मृत्यू दर हजारी २३.९ वरून २७.४ वर गेलेले दिसले. पुढे भारतासह पाच देशांत, सोनोग्राफीनं दिवस नीट मोजून, बाळाची काळजी घेता येईल अशा रुग्णालयांत पुन्हा पाहिलं, तेव्हा ते मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आले. औषध तेच होतं.

गर्भाशयाचं मुखच कमकुवत असेल तर प्रोजेस्टेरॉन आणि टाका यांचा विचार होतो. जगभर ज्याला शिरोडकर टाका म्हणतात, तो घालणारे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर गोव्यातल्या शिरोड्याचे, आणि त्यांचं शालेय शिक्षण आपल्या हुबळीत झालं. चिगरीतून विद्यानगरला उतरताना हे आठवलं तर अभ्यासाला हुरूप येतो, निदान मला तरी येतो.

पुरुषांच्या बाजूला परीक्षेत दोनच गोष्टी पक्क्या असाव्यात. सिल्डेनाफिल घेणाऱ्याला छातीत दुखलं म्हणून जिभेखाली नायट्रेट दिलं तर बीपी जीवघेणं उतरतं. तेव्हा आधी विचारा, तोही एकांतात, बायकोमुलांसमोर खरं उत्तर येत नाही. आणि फिनास्टेराइड टेस्टोस्टेरॉनचं डायहायड्रो रूप होऊ देत नाही, म्हणून त्याच्या फुटलेल्या गोळीला गरोदर बाईनं हात लावू नये. पोटात मुलगा असला तर त्याच्या अवयवांची घडण बिघडू शकते.

वॉर्डातल्या भाषेबद्दल थोडं. घरी मराठी, पुस्तक इंग्रजी, रुग्ण कन्नड, अशी आपली तिहेरी कसरत असते. पण पाळीला इथली बाई ‘मुट्टु’ म्हणेल किंवा नुसतं ‘होरगे’ म्हणेल. मराठीतलं ‘बाहेर बसणं’ ठाऊक असेल त्याला ते लगेच कळतं. ‘हेरिगे’ म्हणजे बाळंतपण, ‘बाणंती’ म्हणजे आपली बाळंतीणच. मराठी बाई ‘अंगावरून जातं’ एवढंच म्हणाली, तर लाल की पांढरं ते विचारल्याशिवाय पुढे लिहू नका. वयानं मोठ्या बाईला ‘अव्वा’, ‘मावशी’ म्हणा, आणि पडदा ओढल्यावरच हे प्रश्न काढा.

पुढच्या पोस्टिंगला लेबर रूममध्ये गेलात की सिस्टरांना विचारून औषधांचा फ्रीज उघडा. आतला तापमापक बघा, ऑक्सिटोसिन कोणत्या कप्प्यात आहे ते बघा. मॅग्नेशियम सल्फेटच्या ट्रेमध्ये गुडघ्याचा हातोडा आणि कॅल्शियम ग्लुकोनेट ठेवलंय का बघा. आकडी आलेल्या बाईला मॅग्नेशियम सल्फेटचा प्रत्येक पुढचा डोस देण्याआधी गुडघ्याचा झटका, श्वास आणि लघवी पाहायची, त्यासाठी तो हातोडा तिथं असतो.

ती मुलगी दोन आठवड्यांनी परत आली तेव्हा तिच्याकडे एकच कागद होता. डावीकडे पहिला महिना, उजवीकडे नववा. ऑक्सिटोसिनच्या रिसेप्टरची रेघ डावीकडे जवळजवळ जमिनीलगत होती आणि उजवीकडे चढत गेली होती. तिच्याखाली मिसोप्रोस्टॉल कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लिहिलं होतं, ऑक्सिटोसिन फक्त उजव्या कोपऱ्यात, आणि मेथिलअर्गोमेट्रिन बाळाचं चित्र संपल्यावर, लाल पेनानं, शेजारी ‘बीपी?’ लिहून.